गेट म्हणजे रस्ता, बार म्हणजे दरवाजा!

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात पाट्या वाचत फिरायचं ठरवलंत, तर पहिल्या अर्ध्या तासात डोक्याचा भुगा होतो. स्टोनगेट, पीटरगेट, गुडरमगेट... आणि गेट तर एकही दिसत नाही! कारण तिथे 'गेट' म्हणजे रस्ता. हजारेक वर्षांपूर्वी व्हायकिंग लोक इथे राहून गेले, त्यांच्या भाषेतला हा शब्द रस्त्यांना चिकटून राहिला. मग तटबंदीचे खरेखुरे दरवाजे? त्यांना म्हणायचं 'बार'. मिकलगेट बार, मंक बार, बूथम बार. नावं ऐकून आपल्या हॉस्टेलमधल्या काही मंडळींचे डोळे चमकतील, पण तिथे दगडी कमानीखेरीज काही मिळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात लीड्सला मावसभावाकडे गेलो होतो, तेव्हा या गावात दोन दिवस मान वर करून फिरलो. स्टोनगेटमध्ये एका दुकानाच्या कोपऱ्यावर लालभडक सैतान बसलाय, कमरेला साखळी! छापखान्यातल्या पोऱ्यांना तिकडे 'छापखान्याचे सैतान' म्हणत, त्याची ही खूण. थोडं पुढे मिनर्व्हा देवी पुस्तकांच्या चळतीवर रेलून बसली आहे, शेजारी घुबड. १८०१ सालची मूर्ती. म्हणजे हा पुस्तकवाल्यांचा भाग होता, हे बोर्ड न वाचताही कळतं. शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली. वरचे मजले इतके पुढे झुकलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून जर्नल पास करता येईल. मांस टांगायचे आकडे अजून आहेत, खाटीक मात्र गेले आणि जादूच्या छड्या विकणारे आले. आणि एवढ्याशा एका गल्लीचं नाव काय, तर व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट! व्हायवाला असं नाव विचारलं तर केटी नक्की.

हे सगळं गमतीचं आहे, फोटो काढून मित्रांना पाठवण्यासारखं. पण मला विचाराल तर त्या गावाची खरी श्रीमंती दुसऱ्याच खुणांत आहे. जिथे काहीतरी बिघडलं, बुडलं किंवा जळलं, ते लोकांनी पुसून टाकलं नाही.

ऊझ नदीच्या काठावर किंग्ज आर्म्स नावाचा पब आहे. तो दर थोड्या वर्षांनी बुडतो. त्यांनी काय केलं, तर कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा मांडून ठेवल्या. नोव्हेंबर २००० मध्ये नदी नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे ५.४ मीटर चढली होती. तो आकडा पुस्तकात वाचणं वेगळं, आणि त्या खुणेखाली उभं राहून 'अरे, ही तर माझ्या डोक्यावर आहे' हे कळणं वेगळं. हायड्रॉलॉजीचं अख्खं एक लेक्चर त्या भिंतीवर आहे, अटेंडन्सशिवाय.

सेंट मार्टिन चर्चवर एप्रिल १९४२ मध्ये जर्मन बॉम्ब पडले. नंतर फक्त एक भाग पुन्हा बांधला, उरलेली जागा उघडीच ठेवली. रस्त्यावर लोंबणाऱ्या घड्याळावरचा छोटा दर्यावर्दी वाचला, तो आजही उभा आहे.

आणि मिन्स्टर! ते अवाढव्य कॅथेड्रल. १९६७ मध्ये पाहणीत कळलं, की मधला मनोरा पायातून खचतोय. हजारो टनांचा दगड, आणि खाली जुन्या रोमन बांधकामाच्या अवशेषांवर टेकलेला पाया. मग खाली खणून, जुन्या पायाभोवती काँक्रीटच्या कॉलर घालून, स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी आवळून १९७२ पर्यंत तो सावरला. सिव्हिलवाल्यांनो, त्या सळ्यांची टोकं तळघरात आजही बघायला मिळतात! दुसरा कोणी असता तर प्लास्टर मारून मोकळा झाला असता. पुढे जुलै १९८४ मध्ये याच इमारतीचं दक्षिणेकडचं छप्पर आगीत कोसळलं. नवं बांधताना टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात स्पर्धा घेतली आणि छतावरच्या नक्षीत सहा मुलांची डिझाइन्स बसवली. त्यात एक चंद्रावर उतरलेला माणूस आहे. मध्ययुगीन चर्चच्या छतावर!

दारासमोरचा रोमन खांब तर लोक सांगतात की उलटाच उभा केलाय. १९७१ पासून तो तसाच आहे, आणि गाईड हसत हसत सांगतात.

'त्यांच्याकडे पैसा आहे रे' असं कोणीतरी म्हणणारच. पण पबच्या भिंतीवर रेघ मारायला रंगाचा एक डबा लागतो. आपल्याकडे कोनशिला बघा: कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली, प्रमुख उपस्थिती कोणाची. पाया किती खोल, हे मात्र नाही. गच्ची कुठल्या साली गळली, कशाने थांबली, हेही नाही. चार वर्षांनी नवी बॅच येते आणि तीच गळती पहिल्यापासून शोधते. पडलेलं लपवायचं आणि उद्घाटन कोरायचं, ही सवय इंजिनिअरला परवडणारी नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या हॉस्टेलच्या जिन्यातली ती तिरकी भेग सगळ्यांनी पाहिली आहे. दर दिवाळीला तिच्यावरून चुना फिरतो. तिच्यावर आडवी काचेची पट्टी पक्की बसवून खाली तारीख लिहिली, की भेग वाढते आहे की नाही ते कळतं. वाढली तर काच तडकते. एका दुपारचं काम. रेक्टर सरांनी परवानगी दिली तर काच मी आणतो.