झोपडी, झाड आणि मामाजी

सालेकशाला आमचे एक मामाजी होते. धंद्याने धानाचे शेतकरी, स्वभावाने समाजवादी. स्टेशनाजवळच्या हॉटेलात ते दोन कप चहा मागवून चौघांत वाटत. हा त्यांचा समतेचा प्रयोग. पैसे मात्र एकटेच देत. तेवढ्यापुरता त्यांचा खाजगी क्षेत्रावर विश्वास होता.

त्यांचा आवडता विषय म्हणजे 1954 ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. गोंदिया जिल्हा झाला 1999 साली. त्याआधी आम्ही सारे भंडाऱ्याचेच. मतदारसंघ दोन जागांचा. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. पहिली गोष्ट मामाजी सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशी सांगत. दुसरी कपाकडे बघत.

पुढे मेहता 1963 मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि 1964 मध्ये काँग्रेसवासी. मामाजी झोपडीला मत देऊन बसले होते. झोपडीतला माणूस दिल्लीला गेला.

बाकीचा इतिहास तर रेल्वेच्या वेळापत्रकासारखा. 1934 मध्ये काँग्रेसच्या पोटात जन्म, 1948 मध्ये बाहेर, 1952 मध्ये विलीनीकरण, 1955 मध्ये लोहिया वेगळे. झोपडी इकडे, झाड तिकडे! 1964 मध्ये एकत्र, 1965 मध्ये पुन्हा फूट, 1971 मध्ये पुन्हा एकत्र, 1977 मध्ये जनता पक्षात विसर्जन. 1979 मध्ये तोही फुटला.

आता आपण मध्यमवर्गीय माणसं काय म्हणतो? ‘पण ते तत्त्वासाठी फुटले हो!’ 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटलेली पाहिल्यापासून तर हे वाक्य आपण जास्तच गहिवरून म्हणतो. मला या गहिवराचाच राग आहे. धानाला भाव मागणाऱ्याच्या बाजूने सभागृहात बोलणारा माणूस नसला, की तो तत्त्वासाठी नाही की सत्तेसाठी, याने त्या शेतकऱ्याच्या पोत्यात काय पडतं? आणि आपण तरी काय केलं? त्यांच्या साधेपणाला टाळ्या दिल्या, खादीच्या झोळीचं कौतुक केलं आणि मत दुसऱ्याला टाकून आलो. आदर फुकट होता, म्हणून भरपूर दिला.

एकदा मी विचारलं, “मामाजी, फूट पडली तेव्हा तुम्ही कोणत्या बाजूला होते जी?”

“बरोबर होती त्या.”

“आणि पुढच्या फुटीत?”

“तेव्हाही बरोबर होती त्याच बाजूला, बाबू.”

हेच मामाजी पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उभे राहून रोवणी करून घेत. बांधीत उतरणाऱ्या कोणालाही त्यांनी कधी विचारलं नाही, की बाबा, तुझं राष्ट्रीयीकरणाबद्दल मत काय? पाणी आहे तोवर पऱ्हे लागले पाहिजेत, एवढंच त्यांना ठाऊक. शेतातलं हे शहाणपण पक्षाच्या बैठकीला जाताना ते कुठे ठेवून जात, कोण जाणे. बहुधा चिखल लागलेल्या चपलांबरोबर, दाराबाहेर.