विश्लेषण : खर्चाची नोंद ठेवली म्हणजे बचत होते का? विद्यार्थ्यांसाठीच्या बचत ॲपमध्ये काय हवे, काय नको?

सातारा, कराड, सांगलीत शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचे महिन्याचे गणित साधारण सारखेच असते. घरून पैसे येतात, खोलीभाडे आणि मेसचे बिल जाते आणि उरलेली रक्कम यूपीआयवरून थोडी-थोडी संपते. म्हणूनच खर्च नोंदवणारे वेब ॲप हा अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षातला ओळखीचा प्रकल्प आहे. मात्र त्यातून बचतीची सवय लागते का?

नोंद आणि बचत यांत फरक काय?

नोंद खर्च झाल्यावर होते. चहा-वडापाववर किती गेले, हे महिनाअखेरचा आलेख सांगतो. तोवर पैसे संपलेले असतात. रोखीच्या काळात पाकीट हलके होताना दिसायचे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने हा अडथळा दूर केला. त्यामुळे ॲपने पैसे आले त्याच दिवशी, खर्चाआधी, छोटी रक्कम बाजूला काढायला लावणे महत्त्वाचे ठरते.

‘पिग्मी’ का चालली?

१९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली. एजंट रोज दारात येऊन दोन आणेही घेत असे. पश्चिम महाराष्ट्रातील बाजारपेठांत हा एजंट आजही दिसतो. रक्कम लहान, वेळ ठरलेली आणि विचारणारा माणूस समोर, हे तिचे बळ. एक दिवस चुकला तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. अनेक ॲप मात्र एक दिवस हुकला की सलग दिवसांची मोजणी शून्यावर आणतात. परीक्षेच्या आठवड्यात असे झाले की विद्यार्थी ॲपच उघडायचे सोडतो.

म्हसवडने काय दाखवले?

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. या कामाची सुरुवात एका कष्टकरी महिलेच्या साध्या गरजेतून झाली. पावसाळ्याआधी झोपडीवर प्लॅस्टिकचा कागद टाकण्यासाठी तिला पैसे साठवायचे होते, पण रक्कम फारच लहान म्हणून बँका खाते उघडून देत नव्हत्या. काम बुडवून शाखेत येणे महिलांना परवडत नसल्याने माणदेशीने दारात जाऊन बँकिंग सुरू केले. ॲपसाठीही हेच लागू पडते. ‘बचत करा’ यापेक्षा ‘परीक्षा शुल्कासाठी जूनपर्यंत १,२०० रुपये’ हे उद्दिष्ट अधिक उपयोगी.

संशोधन काय सांगते?

फिलिपिन्समध्ये नवा आश्राफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी एक प्रयोग केला. स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, असे खाते ग्राहकांना देऊ केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, असे खाते देऊ केलेल्या गटाची सरासरी बचत वर्षभरात तुलनेच्या गटापेक्षा ८१ टक्क्यांनी वाढली. खाते प्रत्यक्षात सुमारे २८ टक्के लोकांनीच घेतले होते. म्हणजे कुलूप उपयोगी आहे, पण ते ऐच्छिक हवे.

पैसे ॲपमध्ये ठेवावेत का?

नाही. लोकांचे पैसे साठवून ते कुठेही खर्च करू देणाऱ्या वॉलेटला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. मित्रांकडून ठेवी गोळा केल्यास अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याचा प्रश्नही उभा राहू शकतो. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बचत किंवा आवर्ती ठेव खात्यात राहावेत. ॲपने फक्त आठवण आणि हिशेब सांभाळावा.

खाते कुठे आहे, हेही ॲपने सांगायला हवे. बँकेतील ठेवींना प्रतिठेवीदार पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना या विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले होते.

वय १८ पेक्षा कमी असेल तर?

अकरावी-बारावी आणि पदविकेचे बरेच विद्यार्थी या गटात येतात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार, दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या अटींनुसार बचत खाते स्वतः चालवता येते. मात्र वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवरही त्यात बंदी आहे. त्यामुळे उद्दिष्ट, रक्कम आणि तारीख एवढीच माहिती घेणे शहाणपणाचे.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या आवृत्तीत तीनच गोष्टी पुरेशा आहेत : एक उद्दिष्ट, पैसे येण्याच्या दिवशी आठवण आणि चुकलेला हप्ता पुढे ढकलण्याची सोय. कोणी किती साठवले याची जाहीर क्रमवारी टाळावी, कारण प्रत्येकाच्या घरून येणारी रक्कम सारखी नसते. ॲप किती जणांनी डाउनलोड केले हा आकडा फारसा कामाचा नाही. तीन महिन्यांनंतर किती विद्यार्थ्यांच्या खात्यात ठरवलेली रक्कम जमा झाली, हे तपासावे.