लघुग्रहांचा शोध आणि हरवलेला अंधार

मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन यांनी १८६१ मध्ये एक लघुग्रह शोधला व त्यास ‘एशिया’ हे नाव दिले. आशिया खंडातून शोधला गेलेला तो पहिला लघुग्रह होय. १८८५ पर्यंत त्यांनी मद्रासहून असे पाच लघुग्रह शोधले. दुर्बिणीतील तारे नकाशाशी ताडावयाचे आणि अनोळखी ठिपका दुसऱ्या रात्री सरकला काय हे पाहावयाचे, एवढीच त्यांची पद्धत होती. त्यानंतर भारतातून लघुग्रह सापडला तो थेट १९८८ मध्ये, कवलूर येथे आर. राजमोहन यांना, त्यास रामानुजन यांचे नाव मिळाले. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत येथे बुद्धीचा दुष्काळ होता असे नव्हे. वेणू बाप्पूंनी १९४९ मध्ये धूमकेतू शोधला, पण तो हार्वर्डच्या दुर्बिणीतून.

आज हवाई बेटांवरील दुर्बिणीची छायाचित्रे संगणकावर तपासून शाळकरी मुलेही लघुग्रह शोधू शकतात. परंतु ज्याने खरे आकाश पाहिलेच नाही, त्यास त्या ठिपक्याचे कुतूहल कोठून वाटावे? ठाणे-डोंबिवलीच्या मुलांना दिव्यांच्या झगमगाटात आकाशगंगा दिसत नाही. ठाणे व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी रस्त्यांवरील दिव्यांचा प्रकाश झाकणे लावून खाली वळवावा. अमावास्येला एखाद्या मैदानाचे दिवे मालवून ते शाळांना खुले करावे. पॉगसन यांना अंधार अनायासे लाभला होता. आपल्या मुलांना तो मागून घ्यावा लागावा, हे भूषणावह नाही.