पंखा ओरडतो, त्याचे कारण शोधा



इंजिन, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप यांची निगा कशी राखावी, हे आपण या पानावर नेहमी पाहतो. आज लॅपटॉपविषयी बोलू. ‘ते शहरातल्या लोकांचे काम’ म्हणून पान उलटू नका. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पीक विम्याचा अर्ज, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, दुकानाचा हिशेब, हे सारे आता याच यंत्रावर होते. पुष्कळ घरांत एखादा तरी लॅपटॉप आला आहे, आणि उन्हाळा लागला की त्याची घरघरही सुरू होते.

गेल्या वैशाखात मी जामखेडजवळ अक्काच्या वस्तीवर गेलो होतो. बालाघाटाच्या अंगाचा तो मुलूख. ज्वारीची मळणी होऊन रान मोकळे झालेले, आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवत नाही असे ऊन. थोरली भाची कॉलेजात शिकते आणि जामखेडातल्या दोन दुकानांचे हिशेब लॅपटॉपवर लिहून देते. त्या पैशांत तिची फी भागते. यंत्र जुनेच विकत घेतलेले. दुपारी ते असे घोंघावायचे की पलीकडे आडवी झालेली तिची आजी म्हणायची, “अगं, ती गिरणी बंद कर. डोळ्याला डोळा लागू देत नाही.” पोरीने त्यावर उपाय केला. लॅपटॉपखाली चांगली चौघडी गोधडी घातली. आवाज दबला. आजीही खूश झाली.

दोन-चार दिवसांनी यंत्र काम करता करता आपोआप बंद पडू लागले. महिनाअखेरचा हिशेब अर्धा राहिला. शहरात एका दुरुस्तीवाल्याला दाखवले. त्याने चालू केले, हात लावून पाहिला आणि सांगितले, “बोर्ड गेला. यात पैसे घालू नका, नवीन घ्या.” मी गेलो तेव्हा दाजी दोन गाभण शेळ्या बाजारात न्यायच्या बेतात होते. भाची खाली मान घालून बसलेली.

तेवढ्यात शेजारचे ट्रॅक्टरवाले तात्या चहाला आले. सारी हकीकत ऐकून म्हणाले, “पोरी, हे यंत्र वारं कुठनं घेतं आन् कुठनं सोडतं, ते दाव बरं.” तिने लॅपटॉप उपडा केला. खालच्या अंगाला बारीक फटींची जाळी होती, मागे एक लांबट खिडकी. तात्यांनी कपाळाला हात लावला. “आन् तू ह्याच्याखाली गोधडी घालतीस? अगं, रेडिएटरम्होरं पोतं बांधून कुणी नांगरट करतं का?”

एवढ्या एका वाक्यात सगळे आले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे झाले होते. पंख्याचा आवाज हे दुखणे नव्हते. आत उष्णता कोंडली म्हणून पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता, आणि आपण त्याचेच तोंड दाबले.

उष्णता बाहेर कशी पडते?

लॅपटॉपच्या पोटात नखाएवढी एक चकती असते. सारी आकडेमोड तीच करते. तिला प्रोसेसर म्हणतात. साध्या लॅपटॉपमधला प्रोसेसर नेटाने काम करताना १५ ते ४५ वॅटच्या आसपास वीज खातो आणि ती सगळी शेवटी उष्णतेत जाते. नखाएवढ्या जागेला एवढी धग म्हणजे थोडकी नव्हे.

ही धग ओढून न्यायला चकतीवर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. नळी बंद असते आणि आत किंचित पाणी असते. हवा काढून टाकलेली असल्यामुळे हे पाणी थोड्या उष्णतेनेही उकळते. चुलीवरच्या पातेल्यातली वाफ जशी झाकणाला जाऊन थेंब होते, तशीच ही वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून माघारी येते. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही युक्ती पुढे आणली. नळीच्या त्या टोकाला पातळ धातूच्या पट्ट्या असतात, आणि पंखा त्यांच्यातून हवा फुंकतो. ट्रॅक्टरचा रेडिएटर आणि त्यामागचा पंखा, हुबेहूब तेच काम.

छताचा पंखा मिनिटाला तीन-चारशे फेरे घेतो. लॅपटॉपचा हा चिमुकला पंखा चार-पाच हजारही घेतो. त्याचा वेग थोडा उतरला, तरी आवाज बराच उतरतो. म्हणून आवाज कमी करायचा खरा मार्ग एकच. उष्णतेला वाट मोकळी करून द्यायची, म्हणजे पंखा आपोआप हळू फिरतो.

वाट तुंबलीच, तर प्रोसेसर स्वतःला जपतो. आधी कामाचा वेग कमी करतो, आणि शंभर अंशांच्या घरात पोहोचला की यंत्र बंद करून टाकतो. भाचीचा लॅपटॉप बंद पडत होता तो यामुळेच. बोर्ड शाबूत होता म्हणूनच तर त्याला स्वतःला वाचवता आले.

आम्ही काय केले

तात्यांच्या मुलाकडे मोबाइल दुरुस्तीचे बारीक स्क्रू-ड्रायव्हर होते. यंत्र पूर्ण बंद केले, चार्जर काढला, खालचे झाकण उघडले आणि सर्वांत आधी बॅटरीचा जोड सोडवला. पंख्यापुढच्या पट्ट्यांवर पाहतो तो काय, घोंगडीचा तुकडा चिकटवावा तसा करडा थर! धूळ, गोधडीचे तंतू, केस आणि मळणीचा भुस्सा यांचा तो नमदा झाला होता. चिमट्याने तो अखंड निघाला. उरलेली धूळ मऊ, कोरड्या ब्रशाने झाडली.

धाकटा भाचा म्हणाला, “मामा, पंक्चरवाल्याकडं नेऊ का? कंप्रेसरनं एका दमात साफ होईल.” हे मात्र कधी करू नये. त्या टाकीत पाणी साचलेले असते, हवेबरोबर त्याचे थेंब येतात. शिवाय हवेचा जोर एवढा, की पंखा आपल्या कुवतीपलीकडे गरगरून त्याचे बेअरिंग जाते. तोंडानेही फुंकू नये, थुंकी उडते. फोटोवाल्याकडे असतो तसला रबरी फुगा वापरावा, आणि हवा मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे.

ज्याला झाकण उघडायचा आत्मविश्वास नाही किंवा यंत्र अजून हमीत आहे, त्याने हे स्वतः करू नये. जाणत्या माणसाकडून समोर बसून करून घ्यावे. “आतली जाळी साफ करा, आणि थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला,” एवढे स्पष्ट सांगावे. ही पेस्ट चकती आणि तांबे यांच्यामधली फट भरते. तीन-चार वर्षांत ती वाळून भेगाळते आणि उष्णता पुढे सरकत नाही.

आवाज ओळखायला शिका

मोटरचा आवाज ऐकून तुम्ही बेअरिंग गेले की पाणी तुटले ते सांगता. इथेही तसेच आहे.

सूं-सूं असा एकसारखा वाऱ्याचा आवाज येत असेल, तर पंखा धडधाकट आहे, उष्णता जास्त आहे. जाळी, जागा आणि कामाचा भार तपासावा.

टक-टक किंवा फर-फर आवाज आला, तर पात्याला केस, वायर किंवा काडी लागते आहे. यंत्र लगेच बंद करून ती काढावी.

घर-घर, खर-खर आवाज येत असेल आणि यंत्र थंड असतानाही तो येत असेल, तर पंख्याचे बेअरिंग झिजले आहे. पंखा बदलावा. नव्या यंत्राच्या मानाने तो फार स्वस्तात पडतो. त्यात खोबरेल सोडू नका. थंडीत ते थिजते आणि एरवी धूळ धरून ठेवते.

बसायची जागा

लॅपटॉप गादी, उशी, गोधडी किंवा मांडी यांवर ठेवू नये. घरात जेवायला बसायचा लाकडी पाट असतोच, तो घ्यावा. यंत्राच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन बुचे ठेवावीत. खालून वारे शिरायला एवढी उंची पुरते. मागची खिडकी भिंतीला टेकवू नये.

बहुतेक कंपन्या ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरा असे सांगतात. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखाली तर त्याहून जास्त. छताच्या पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. यंत्राला घाम येत नाही. खोलीतली हवा ४२ अंशांवर असेल, तर पंखा कितीही फिरला तरी यंत्र त्याहून थंड होणार नाही. म्हणून जड काम पहाटे किंवा रात्री करावे. दुपारी बसणे भागच असेल, तर झाडाखाली किंवा धाब्याच्या घरात बसावे. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिला तरी फरक पडतो. अहमदाबादेत गरीब वस्त्यांतल्या छपरांना असाच पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम २०१७ मध्ये हाती घेतला गेला.

कूलरचा झोत थेट यंत्रावर घेऊ नये, त्यात ओल असते. ओले फडके, बर्फ, फ्रीज हे तर मुळीच नको. बाहेरून गार करून आत दव धरले, की बोर्ड खरोखरच जातो.

पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक उभा राहिला. त्याच्या चकत्यांपर्यंत नळ्यांनी पाणी खेळवून उष्णता काढली जाते. म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्रापुढचा प्रश्नही आपल्या भाचीच्या लॅपटॉपसारखाच आहे: आकडेमोड करायची तर उष्णता निघणार, आणि तिला वाट द्यावी लागणार.

भार हलका करा

एका बैलाला चार नांगर जुंपले तर तो धापा टाकणारच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. कोणते काम प्रोसेसरला राबवते आहे, ते त्यात दिसते. भाचीच्या यंत्रात सव्वीस पाने उघडी होती, हिशेबाला लागत होती दोन. नको ती बंद करावीत. सेटिंगमधला पॉवर मोड वीजबचतीवर ठेवावा. बऱ्याच विंडोज यंत्रांत कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ असते. ते १०० वरून ९९ केले, की प्रोसेसर आपल्या नेहमीच्या चालीपलीकडे उड्या मारत नाही. हिशेबाच्या आणि अर्जांच्या कामाला तेवढी चाल भरपूर होते.

बॅटरीकडे लक्ष असू द्या

उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेली बॅटरी तापत ठेवणे सर्वांत वाईट. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय यंत्रात असेल, तर ती चालू करावी. झाकण फुगले, माऊसची पट्टी वर उचलली गेली, तर बॅटरी फुगली असे समजावे. यंत्र ताबडतोब बंद करावे, चार्जरला लावू नये. फुगवटा दाबू नये, टोचू नये, आग लागते. ती जाणत्याकडूनच बदलून घ्यावी. चार्जरसुद्धा उशीखाली ठेवू नये.

जामखेडात १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. स्वच्छता, पाणी, बाळाचा आहार यांतले पुष्कळसे काम घरच्या शहाण्या हातांनी होते, आणि मोठ्या दवाखान्यात कधी जायचे तेही त्या हातांना कळले पाहिजे, हा त्यांच्या कामाचा पाया. यंत्राच्या बाबतीतही एवढे शहाणपण पुरे. धूळ झाडणे, वाट मोकळी ठेवणे, भार हलका करणे घरचे. बेअरिंग, पेस्ट, बॅटरी कारागिराची.

वर्षातून दोनदा, एकदा ज्वारीची मळणी आटोपल्यावर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, लॅपटॉपची जाळी पाहावी. आणि कोणी “नवीन घ्या” म्हणाला, तर आधी विचारावे, “आतली जाळी उघडून पाहिली का?”

त्या संध्याकाळी भाचीने यंत्र पाटावर ठेवून चालू केले आणि हिशेबाला बसली. रात्री दहाच्या सुमाराला काम पुरे झाले. आजी अंथरुणावरून म्हणाली, “आज बंदच पडलं का गं तुझं मशीन?”

“नाही आजी, चालूच आहे.”

शेळ्या गोठ्यातच राहिल्या. पुढे एकीने दोन करडे दिली.