मांसाहारी रुग्णाचे पथ्य आणि आपले मौन

आयुर्वेदीय चिकित्सेत औषधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व पथ्याला आहे, हे आपण सर्व वैद्य रुग्णांना अभिमानाने सांगत असतो. परंतु मांसाहारी रुग्ण समोर बसला की आपले पथ्यज्ञान एका वाक्यात आटोपते : ‘मांसाहार बंद करा.’ हे वाक्य उच्चारावयास सोपे आहे. ते पाळले जाते काय, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो.

अँटॉप हिलच्या परिसरात व्यवसाय करताना आम्हांस या प्रश्नाला दररोज सामोरे जावे लागते. एका बाजूस केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत, दुसरीकडे प्रतीक्षानगर, वडाळ्याची मिठागरे आणि सायन कोळीवाडा. येथे कोकणी, घाटावरचे, दक्षिणी, पंजाबी, उत्तर भारतीय अशी सर्व प्रकारची कुटुंबे राहतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी बुधवार, शुक्रवार व रविवार हे ‘वार’ आहेत. मेदोरोग, प्रमेह, उच्च रक्तदाब वा रक्तातील वाढलेली चरबी घेऊन येणारा रुग्ण प्रायः याच घरांतून येतो. त्यास कायमचा मांसत्याग सांगितला, तर तो मान हलवितो, पंधरा दिवस पाळतो आणि मग एक तर घरच्यांच्या नकळत बाहेर खातो, नाही तर आपल्याकडे येणेच सोडतो. दोन्ही प्रकारांत पराभव पथ्याचाच होतो.

बाहेर तो काय खातो, हेही पाहिले पाहिजे. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांच्या खाद्यगृहांतून ‘कोळीवाडा’ नावाची तळलेली कोळंबी प्रसिद्धीस आली. पुढे त्याच नावाने कोंबडीही कढईत पडू लागली. आज कोळीवाडा स्थानकाचे नाव गुरू तेग बहादूर नगर झाले असले, तरी कढई तीच आहे. पीठ लावून, रंग घालून, वारंवार तापविलेल्या तेलात तळलेली कोंबडी, हा घरच्या पातळ रश्श्याला आपण नकळत दिलेला पर्याय आहे.

आता शास्त्राकडे वळू. आयुर्वेद शाकाहाराचाच पुरस्कार करतो, हा समज संहितांच्या वाचनाने टिकत नाही. चरकाचार्यांनी अन्नपानविधीच्या अध्यायात मांसवर्ग स्वतंत्रपणे वर्णिला असून कोंबड्याची गणना विष्किर गणात केली आहे. त्याचे मांस स्निग्ध, उष्ण, बृंहण, बल्य, स्वर्य व वातहर सांगितले आहे. अग्र्यद्रव्यांच्या यादीत तर बल्य द्रव्यांमध्ये कुक्कुटाला श्रेष्ठ स्थान आहे. सुश्रुताचार्यांनी वन्य व ग्राम्य असा भेद करून ग्राम्य कुक्कुट गुरू म्हटला आहे. तेव्हा प्रश्न मांस खावे की नाही एवढाच नसून, कोणते, कोणी, किती व कसे शिजवून खावे, हा आहे. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने यासाठीच सांगितली आहेत.

प्रथम प्रकृती. आज बाजारात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीस तयार होते आणि ते सारे आयुष्य थोड्याशा जागेत, फारशी हालचाल न करता काढते. अल्पचेष्ट प्राण्याचे मांस गुरू व बहुचेष्ट प्राण्याचे लघू, हा नियम येथे लावून पाहावा. जांगल देशात फिरणाऱ्या पक्ष्याचे गुण या मांसास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. गावठी कोंबडी मिळत असेल तर ती घ्यावी. न मिळाल्यास मात्रा कमी करावी.

परंतु आमच्या मते दोषाचा मोठा वाटा कोंबडीकडे जात नाही, तो वाटणाकडे जातो. आधुनिक पोषणशास्त्राचे आकडे येथे उपयोगी पडतात. कातडी काढलेल्या कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसात, छातीच्या भागात सुमारे ३ ग्रॅम, तर मांडीच्या भागात सुमारे ४ ग्रॅम स्नेह असतो. याउलट सुक्या खोबऱ्यात शेकडा ६० हून अधिक स्नेह आहे, आणि तेल तर सर्वस्वी स्नेहच. चार माणसांसाठी अर्धा किलो कोंबडी आणली, तिला अर्धी वाटी तेल आणि अर्ध्या सुक्या नारळाचे तळलेले वाटण घातले, तर मांसातून जेमतेम १५ ते २० ग्रॅम आणि वाटण-फोडणीतून १०० ग्रॅमच्या आसपास स्नेह पोटात जातो. त्यासोबत मालवणी पद्धतीचे तळलेले वडे असतील, तर हिशेब आणखी वाढतो. सुश्रुताचार्यांनी तैलसिद्ध मांस उष्ण, पित्तकर व गुरू सांगितले आहे, त्याचे स्मरण येथे व्हावे.

म्हणून करण, म्हणजेच संस्कार, हा या विषयाचा गाभा होय. संस्काराने द्रव्यात गुणांतर घडते, हे तत्त्व आपण भस्मे व घृते यांच्या बाबतीत काटेकोरपणे पाळतो. स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो. आम्ही आमच्या रुग्णांच्या घरच्या गृहिणींना पुढील कृती सांगत असतो.

अर्धा किलो कोंबडी कातडी व दिसणारी चरबी काढून स्वच्छ करावी. आले, लसूण, हिरवी मिरची व भरपूर कोथिंबीर यांचे वाटण, हळद, मीठ आणि लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवावी. दोन कांदे तेलात न परतता अख्खे विस्तवावर भाजावेत. धणे, मिरे, लवंग, दालचिनी, बडीशेप कोरडेच भाजावे. त्यात खोबरे हवेच असेल तर एक मोठा चमचाभर किसून कोरडे भाजून घ्यावे. हे सर्व एकत्र वाटावे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन लहान चमचे तेल घेऊन त्यात मोहरीएवढा हिंग व वाटण परतावे. खाली लागू लागल्यास तेल न घालता पाण्याचा हबका मारावा. मग कोंबडी घालून वर ताट झाकावे, ताटात पाणी ठेवावे आणि मंद आचेवर अंगच्या पाण्यात शिजवावी. मांस पूर्ण शिजत आल्यावर ताटातील गरम पाणी रश्श्यासाठी वापरावे. दाटपणा खोबऱ्याऐवजी चमचाभर भाजलेल्या डाळ्यांच्या अथवा कुळथाच्या पिठाने आणावा. शेवटी दोन आमसुले टाकावीत. वर तवंग आलाच तर तो डावाने काढावा. रंगासाठी तर्रीची आवश्यकता नाही. बेडगी मिरची पुरेशी आहे.

या कृतीत चव कमी पडते, अशी तक्रार क्वचितच येते. कारण चव भाजलेल्या कांद्याची, ताज्या मसाल्याची आणि आमसुलाच्या आंबटपणाची असते. तेल ती फक्त वाहून नेते, आणि त्यासाठी दोन चमचे पुष्कळ होतात. सोबत वड्यांऐवजी ज्वारीची वा नाचणीची भाकरी, कच्चा मुळा, कांदा व लिंबू असावे.

संयोगाविषयी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. कमी चरबीची पाककृती म्हणून हल्ली सर्रास दह्यात मुरविलेली कोंबडी सुचविली जाते. वाग्भटाचार्यांनी कुक्कुटमांस व दही यांचा संयोग विरुद्ध सांगितला आहे. दही शिजविल्यावर तो विरोध कितपत उरतो, यावर वैद्यांत मतभेद होऊ शकतील. परंतु लिंबू व आमसूल हे निर्विवाद पर्याय उपलब्ध असताना आपणच दह्याची शिफारस करणे आम्हांस उचित वाटत नाही.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. कुक्कुटमांस बृंहण आहे, मग मेदस्वी रुग्णास ते कसे द्यावे? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच राशीला महत्त्व आहे. आठवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणात, शिजलेले तीन-चार लहान तुकडे व वाटीभर रस्सा, ही मर्यादा आम्ही घालतो. स्थौल्यात गुरू व अपतर्पण असा आहार इष्ट म्हटला आहे. अल्प स्नेहात, कुळीथ व भाकरीसह दिलेले अल्प मांस त्या दिशेने नेता येते, तळलेले कदापि नाही. ज्वर, आमावस्था, वातरक्त व वृक्कविकार यांत मात्र ही सवलत नाही. याउलट कृश, वातप्रधान वा दीर्घ आजारातून उठलेल्या रुग्णास चरबीविरहित आहाराचे वेड लावू नये. त्याला स्निग्ध मांसरसाचीच गरज असते. ‘कमी चरबी’ हा सर्वांना लागू होणारा मंत्र नव्हे. उपयोक्ता पाहूनच तो सांगावा, आणि रुग्णाची चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

आपल्यापैकी अनेक वैद्य स्वतः शाकाहारी आहेत. त्यात गैर काहीच नाही. पण वैद्याची वैयक्तिक आवड ही रुग्णाची पथ्यसूची होऊ शकत नाही. जे अन्न रुग्णाच्या घरी पिढ्यान् पिढ्या शिजते, त्याकडे आपण तुच्छतेने पाहिले, तर त्याच्या स्वयंपाकघराचे दार आपल्याला बंद होते. आणि ज्या वैद्याला स्वयंपाकघरात प्रवेश नाही, त्याच्या पथ्याला अर्थ नाही.

आमची संघटनेस नम्र विनंती आहे की, व्याधिनिहाय मांसाहारी पथ्यपत्रक सोप्या मराठीत तयार करावे. त्यात कोंबडी, मासे व अंडी यांचे ग्राह्य प्रकार, तेलाचे चमच्यांत प्रमाण, वर्ज्य संयोग आणि दोन-तीन घरगुती पाककृती असाव्यात. कोकणातील, विदर्भातील व देशावरील वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या भागातील पाककृती कळविल्यास पत्रक सर्वसमावेशक होईल. संहितांतील मांसवर्ग परीक्षेपुरता पाठ करून सोडून देण्यासाठी लिहिलेला नाही, याची जाणीव आपण सर्वांनी ठेवावी, एवढीच अपेक्षा.