स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हातात?

'सोलरपंक' हा शब्द तुमच्या कानावरून गेलाय का? नसेल, तर आधी थोडक्यात सांगतो.

सायबरपंक आपल्याला सिनेमांमुळे माहीत आहे. कायमचा पाऊस, निऑनच्या पाट्या, वर कंपन्यांचं राज्य आणि खाली चिरडलेली माणसं. सोलरपंक म्हणजे याच्या बरोब्बर उलट. लख्ख ऊन, गच्चीवरच्या बागा, पवनचक्क्या आणि एकमेकांना धरून राहणारी माणसं. २००८ साली एका इंग्रजी ब्लॉगवर हा शब्द आला. निमित्त होतं बेलुगा स्कायसेल्स नावाच्या मालवाहू जहाजाचं. इंजिनाच्या जोडीला भलामोठा पतंग लावून वाऱ्याच्या ओढीवर इंधन वाचवणारं जहाज! पुढे २०१२ मध्ये ब्राझीलमध्ये याच नावाचा कथासंग्रह निघाला. आता तर या पंथाची चित्रं, कथा, कादंबऱ्या, सगळंच आहे.

मला हे आवडतं. अगदी मनापासून. जगबुडीच्या गोष्टी ऐकून कान किटलेत आणि नुसत्या भीतीने कोणी कामाला लागत नाही. उद्या कसा असावा हे डोळ्यांसमोर आणणारं कोणीतरी हवंच.

पण ही चित्रं बघताना मनात पाल चुकचुकते. हे सगळं आधी कुठेतरी पाहिलंय... कुठे बरं? हां, बिल्डरच्या माहितीपत्रकात! तीच वेलींनी भरलेली बाल्कनी, तेच स्वच्छ आकाश, तीच हसरी मुलं. मग दोन्हींत फरक काय?

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका दह्याच्या कंपनीने 'डिअर अ‍ॅलिस' नावाची अ‍ॅनिमेशन जाहिरात काढली. सोलरपंकवाल्यांना ती इतकी आवडली, की कोणीतरी कंपनीचं नाव पुसून तिची वेगळी आवृत्ती तयार केली. गंमत अशी, की नाव पुसल्यावरही चित्र तसंच सुंदर राहिलं. म्हणजे ते शेत, ती यंत्रं कंपनीची की गावाची, हे चित्र सांगतच नव्हतं. आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावाची गोष्ट घ्या. जवळजवळ तीस वर्षं हे गाव अंधारात होतं. २०१४ च्या जुलैमध्ये ग्रीनपीस आणि सहकारी संस्थांनी तिथे १०० किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड उभा केला. घरांत दिवे लागले, रस्त्यावर खांब आले, देशभर कौतुक झालं. सोलरपंकच की! पण काही दिवसांतच नितीश कुमार गावात आले तेव्हा लोकांनी मागितली 'असली बिजली'. खरी वीज. का? तर सौर वीज सरकारी विजेपेक्षा महाग होती, आणि तिच्यावर फ्रिजसारखी जास्त वीज खाणारी उपकरणं चालवायला मनाई होती. लवकरच सरकारी वीज आली. इकडे बॅटऱ्या दमल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत. २०२१ च्या सुमारास पत्रकार तिथे गेले, तेव्हा त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधलेली होती.

ही गोष्ट ऐकून काहीजण म्हणतात, लोकांना किंमत नाही. मला उलट वाटतं. लोकांचं बरोबर होतं. शहरात आपण एसी लावून बसायचं आणि गावाने दोन दिव्यांवर 'शाश्वत' जगायचं, ही कुठली आशा? स्वप्न एकाचं आणि काटकसर दुसऱ्याची, असा तो हिशोब होता.

आता राजस्थानातल्या तिलोनियाकडे बघा. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजात खेड्यापाड्यातल्या, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या आज्या-मावश्यांना सहा महिन्यांत सौर दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं जातं. आफ्रिकेतूनही बायका येतात. एकमेकींची भाषा येत नाही, म्हणून रंगांवरून आणि खुणांवरून शिकणं. या पद्धतीत आधी गावाची समिती बसते. रॉकेल, मेणबत्त्या, सेल यांच्यावर घरटी किती खर्च होतो ते बघून महिन्याची वर्गणी ठरते आणि त्यातूनच दुरुस्ती करणारीला मोबदला मिळतो. दिवा बिघडला तर तो उघडायला शहरातून कोणी यायची वाट बघावी लागत नाही. स्क्रूड्रायव्हर गावातच असतो, कुणाच्या तरी आजीच्या हातात.

चित्रांमधल्या त्या दाट झाडीलाही हाच प्रश्न विचारता येतो. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने तो फार पूर्वी विचारला. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. अभ्यासगटांत प्रश्नांचा खल होतो. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पण गावाचा बांबू बाहेर न्यायचे पास द्यायचा अधिकार ग्रामसभेला मिळायला २०११ उजाडलं. कागदावरचा हक्क हातात यायला दोन वर्षं! ही दोन वर्षं कुठल्याच चित्रात मावत नाहीत.

सोलरपंकमधलं 'सोलर' सगळ्यांना दिसतं. 'पंक', म्हणजे मुजोरी करणाऱ्याला नाही म्हणणं आणि आपलं आपण ठरवणं, हा भाग मात्र चित्रात काढायला अवघड. सभा काही देखणी दिसत नाही. कंटाळवाणी असते, लांबते, लोक भांडतात. पण माहितीपत्रक आणि स्वप्न यांतला फरक तिथेच कळतो.

फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेमुळे गच्चीवरच्या पॅनेलची चर्चा घरोघरी पोहोचली आहे. छानच आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला, की एक करा. अनुदान किती आणि बिल किती कमी होणार हे तर विचाराच, पण गच्ची कुणाची, पॅनेल धुणार कोण, आणि इन्व्हर्टर बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कुठल्या खात्यातून येणार, तेही विचारा. सभा तासभर लांबेल. सेक्रेटरी वैतागतील.

लांबू द्या.