क्रूझवर तुमच्यासोबत कोण असेल, हे कशावरून ठरतं?

कार्निव्हल आणि क्युनार्ड या दोन्ही क्रूझ कंपन्या एकाच उद्योगसमूहाच्या आहेत, हे त्यांच्या जहाजांवर गेल्यास खरं वाटणार नाही. कार्निव्हलची जहाजं म्हणजे डीजे, घसरगुंड्या आणि कॅसिनो. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी 2'वर दिवसा व्याख्यानं आणि भलीमोठी लायब्ररी, तर काही रात्री सूट-टाय घालून जेवण.

हा फरक येतो कुठून? बराचसा सफरीच्या लांबीतून. तीन-चार रात्रींसाठी रजा कमी लागते, एकूण खर्चही आवाक्यात राहतो, म्हणून मित्रमंडळींचे ग्रुप येतात. तीन आठवडे समुद्रावर राहायला वेळ आणि पैसा दोन्ही हवेत. तिथं बहुतेक निवृत्त मंडळीच दिसतात. शाळांना सुट्टी लागली की तेच जहाज मुलांनी भरतं.

उरलेलं काम नियम करतात. वायकिंगच्या जहाजांवर 18 वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, कॅसिनोही नाही. डिस्नेवरही कॅसिनो नाही, पण तिथं सगळा कारभारच मुलांभोवती फिरतो. रॉयल कॅरिबियनच्या 'आयकॉन ऑफ द सीज'नं 2024 मध्ये जहाजाचेच 8 'मोहल्ले' पाडले: लहान मुलांच्या कुटुंबांचा वेगळा, मोठ्यांचा वेगळा.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर जैन जेवण मिळतं आणि कॅसिनोही आहे. त्यामुळे गोव्याच्या वीकेंड सफरीत आजी-आजोबा आणि बॅचलर पार्टी एकाच डेकवर येऊ शकतात. जाहिरातीत मात्र स्विमिंग पूल सगळ्यांचाच निळाशार. आई-वडिलांसाठी बुकिंग करताना तिकिटाच्या दराआधी रात्री किती आणि वार कोणता, हे बघितलेलं बरं.